परदेशी विक्रेत्यांकडून मागवलेल्या सारंगीच्या सीडी

इंदूरच्या राजवाड्याभोवती ज्या दुकानांतून मी कॉलेजच्या दिवसांत कॅसेट आणि पुढे सीडी घेत असे, तिथे आता मोबाइलची कव्हरे टांगलेली असतात. त्यामुळे पंडित रामनारायण यांच्या सारंगीच्या, निम्बस या ब्रिटिश कंपनीने काढलेल्या सीडी हव्या असतील तर त्या परदेशातून मागवण्यावाचून दुसरा मार्ग मला सापडला नाही. गेल्या तीन वर्षांत इंग्लंड, जर्मनी आणि जपानमधील विक्रेत्यांकडून मी अशा अकरा सीडी घेतल्या. दहा उत्तम निघाल्या, एक वाया गेली. एवढ्या अनुभवावरून मी ठामपणे सांगू शकतो की ही खरेदी करण्यासारखी आहे. मात्र डिस्क निवडण्याआधी विक्रेता निवडावा लागतो.

सारंगीसाठी एवढा खटाटोप कशाला, असे घरातही विचारले गेले. गायक उस्ताद अमीर खाँ यांचे वडील शाहमीर खाँ याच गावात होळकर दरबारी सारंगी वाजवत, आणि तरीही माझ्या पिढीने हे वाद्य ऐकले ते बहुधा राष्ट्रीय दुखवट्याच्या दिवसांत रेडिओवरून. त्यामुळे सारंगी म्हणजे शोक, असे समीकरण मनात पक्के बसले होते. ते मोडले ते निम्बसच्या ‘राग ललित’ने. ध्वनिमुद्रिकेच्या एका बाजूवर वीस-पंचवीस मिनिटेच मावत असल्यामुळे आलाप आटोपता घ्यावा लागे. सीडीवर सत्तर मिनिटांहून अधिक जागा असते, आणि सारंगीला तेवढा अवकाश मिळाला की गज, म्हणजे वाजवायची कमान, तारेवर टेकण्याचा पहिला स्पर्श, तरफांची, म्हणजे आपोआप झंकारणाऱ्या खालच्या तारांची, मागून येणारी झणझण आणि ललितमधल्या दोन मध्यमांमधली ती मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे, सावकाश, न तुटता ऐकू येते.

शोध घेण्यासाठी मी मुख्यतः डिस्कॉग्ज हे संकेतस्थळ वापरतो. २००० साली सुरू झालेल्या या संकेतस्थळावर एकाच सीडीच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांच्या स्वतंत्र नोंदी असतात; कॅटलॉग क्रमांक, बारकोड आणि डिस्कच्या आतल्या कड्यावर कोरलेला मजकूर पडताळून आपल्याला नेमकी कोणती आवृत्ती मिळणार हे आधीच कळते. दर्जाचे शब्द मात्र नीट समजून घ्यावेत. डिस्क आणि वेष्टन यांना वेगवेगळा दर्जा दिलेला असतो, आणि ‘व्हेरी गुड’ हा शब्द आपल्या कानाला कितीही आश्वासक वाटला तरी त्या मापात तो बऱ्याच ओरखड्यांचा निदर्शक आहे. मी ‘व्हेरी गुड प्लस’च्या खाली जात नाही.

वाया गेलेली सीडी मात्र दुसऱ्याच एका संकेतस्थळावरच्या विक्रेत्याकडून आली होती. वर्णनात ‘जवळपास नवी’ असे लिहिले होते आणि ओरखडा खरोखर एकही नव्हता. पण डबी उघडून डिस्क ट्यूबलाइटसमोर धरली तेव्हा तिची कड चहाचा डाग पडावा तशी तपकिरी झालेली दिसली. पहिली चाळीस मिनिटे ती निर्दोष वाजली. शेवटची जलद लयीची द्रुत गत सुरू झाल्यावर आधी किरकिर आणि मग सलग खरखर येऊ लागली. सीडी आतून बाहेर वाचली जाते आणि हा गंज कडेकडून आत सरकतो, म्हणून नासतो तो नेहमी मैफलीचा शेवट. १९८८ ते १९९३ या काळात इंग्लंडमधील एका कारखान्यात तयार झालेल्या अनेक डिस्कवरचा लाखेसारखा संरक्षक थर पुस्तिकेच्या कागदातील गंधकापुढे टिकला नाही, आणि त्यामुळे आतला धातू काळवंडला. संग्राहकांना हे चांगले ठाऊक आहे. विक्रेत्यालाही ठाऊक असायला हवे होते. मी छायाचित्रे पाठवली, तीन वेळा लिहिले. अर्धे पैसे परत मिळाले. मला त्या पैशांपेक्षा त्या मौनाचा अधिक राग आला.

तेव्हापासून पैसे भरण्याआधी मी विक्रेत्याला एकच प्रश्न विचारतो: डिस्कची कड चंदेरी आहे का, आणि उजेडासमोर धरल्यावर टाचणीएवढी छिद्रे दिसतात का? इंग्लंडमधल्या ज्या एका वयस्क विक्रेत्याने या प्रश्नाचे उत्तर दिले त्यांच्याकडेच मी आता बहुतेक खरेदी करतो. त्यांनी खिडकीपाशी डिस्क धरून काढलेली दोन छायाचित्रे पाठवली आणि शेवटचा भाग स्वतः वाजवून पाहिल्याचे कळवले. पार्सल बांधण्याची त्यांची रीतही शिकण्यासारखी आहे. डबीच्या मधले दाते प्रवासात मोडतात आणि मग सुटी झालेली डिस्क आत घासत राहते, म्हणून ते डिस्क वेगळ्या मऊ पाकिटात घालून दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये ठेवतात आणि रिकामी डबी निराळी गुंडाळतात.

खर्चाचे म्हणाल तर डिस्क ९ पौंडांना आणि तिचे टपाल १४ पौंडांना, असे बिल पाहून पहिल्यांदा मी थबकलो होतो. तीन सीडी एकत्र मागवल्या तेव्हा टपाल १८ पौंडांवर थांबले. कार्डावर परदेशी व्यवहाराची सोय बँकेच्या ॲपमधून आधी सुरू करून घ्यावी लागते. सीमाशुल्क कधी लागते, कधी लागत नाही. लागले तर पोस्टमन दारात मागतो आणि पावती देतो. पार्सलवर ‘भेटवस्तू’ लिहू का, असे काही विक्रेते आपणहून विचारतात. त्यांना स्पष्ट नाही म्हणावे. ते खोटे आहे, शिवाय २०१९ च्या डिसेंबरपासून भेटवस्तूंवरची शुल्कमाफी राखी आणि जीवरक्षक औषधांपुरतीच उरल्यामुळे त्याचा उपयोगही नाही. ट्रॅकिंग नंबर असलेले टपालच घ्यावे. माझी पार्सले तीन ते सहा आठवड्यांत पोहोचली.

‘राग शंकरा’ची सीडी इंग्लंडमधल्या त्या वयस्क विक्रेत्यांनी माझ्यासाठी बाजूला काढून ठेवली आहे. गेल्या जुलैत आलेल्या पार्सलचा पुठ्ठा पाण्याने फुगला होता आणि पुस्तिकेची पाने एकमेकांना चिकटली होती, म्हणून ही सीडी मी एप्रिलमध्येच मागवणार आहे, म्हणजे पाऊस सुरू होण्याआधी घरी येईल.