बचत गटाची भाजणी: बिघडलेल्या स्वयंपाकाला हाताशी असावी अशी

अर्धा किलोची साधी पिशवी, वर यादी: ज्वारी, बाजरी, तांदूळ, गहू, हरभरा डाळ, उडीद डाळ, धणे, जिरे. असे बचत गट गावोगाव आहेत आणि प्रत्येकाची भाजणी वेगळी लागते. ही उजवी ठरते ती भाजण्यात आणि दळणात. चिमूटभर पीठ कोरडंच तोंडात टाकलं तरी डाळीचा कच्चेपणा लागत नाही. दळण किंचित रवाळ आहे, त्यामुळे थालीपीठ खमंग, कडेला कुरकुरीत होतं. उडीदही पुरेसा आहे: भिजवलेला गोळा तळहातावर दाबला तर कडा फाटत नाहीत. एखाद्या भाजणीत उडीद कमी असेल आणि कडा फाटत असतील तर गरम पाण्यात भिजवावी, नाहीतर एक उकडलेला बटाटा कुस्करून घालावा.

पण खरी कसोटी घरात काहीतरी संपलेलं किंवा फसलेलं असतं तेव्हा. कांदा नाही? दुधी किसून घ्या. त्याला पाणी सुटतं, म्हणून मीठ लावून दहा मिनिटं ठेवा, पिळा आणि त्याच पाण्यात पीठ भिजवा. वेगळं मीठ चव बघूनच. तरीही गोळा सैल झाला तर लगेच कोरडं पीठ ओतू नका. रवाळ पीठ पाणी सावकाश पितं, दहा मिनिटं झाकून ठेवलं की बहुतेकदा आपोआप आळतं. त्यानंतरही सैल वाटलं तर दोन चमचे भाजणीच घाला. कणीक घातली की थालीपीठ वातड होतं.

आमटी खारट झाली असेल तर पाण्याऐवजी तीच वापरा, मीठ अजिबात नको. उरलेला भात असेल तर दोन वाट्या भाजणीला एक वाटी, हाताने नीट कुस्करून. पाणी मात्र निम्म्यावर आणा.

ताक फार आंबट झालं तर मोकळ भाजणी करावी, त्याला तोड नाही. दोन वाट्या भाजणीला साधारण पाऊण वाटी ताक, मीठ, तिखट. मळायचं नाही, बोटांनी चोळून पीठ नुसतं ओलसर करायचं. चार चमचे तेलाची मोहरी-हिंग-हळदीची फोडणी, त्यात कांदा परतून पीठ घाला. मंद आचेवर पाच मिनिटं झाकण, मग उलथन्याने मोकळं करून पुन्हा एक वाफ. गुठळ्या झाल्या तर ताक जास्त पडलंय; झाकण काढून परतत राहा, सुटतात. कोरडी वाटली तर ताकाचा हबका मारा. इथे तेलात काटकसर केली तर घास घशाला चिकटतो.

उणिवा दोन. धणे कमी आहेत. दोन वाट्यांना चमचाभर भाजलेल्या धण्यांची पूड घातली की वास जमतो. दुसरी जास्त गंभीर: पिशवीवर दळल्याची तारीख नाही. बाजरीच्या तेलामुळे हे पीठ खवट होतं, आणि खवट भाजणी कशानेच सुधारत नाही. घेताना कधी दळली ते विचारा, घरी आणल्यावर घट्ट डब्यात फ्रिजमध्ये ठेवा. किलोची पिशवी स्वस्त पडते, पण उन्हाळ्यात अर्धा किलोच घ्या.