पुळणीवरचा चेंडू आणि कुत्र्याचे दात: टेनिस बॉल बंद करून एक हंगाम झाल्यावर

आधी निष्कर्ष सांगतो, म्हणजे घाईत असाल तर एवढं वाचूनही काम होईल. तुमचा कुत्रा वाळूत किंवा मातीत चेंडू खेळत असेल, तर लव असलेला टेनिस बॉल रोजच्या खेळातून काढून टाका. त्याऐवजी गुळगुळीत, जाड पण पोकळ रबरी चेंडू घ्या, तो कुत्र्याच्या तोंडाच्या मापाने निवडा, आणि खेळ संपल्यावर त्याच्याजवळ चघळायला सोडू नका. आमच्याकडे गेला पाऊस ओसरल्यापासून हे चालू आहे. आता पुन्हा आभाळ भरून यायला लागलंय, म्हणजे एका अख्ख्या हंगामाचा अनुभव गाठीशी आहे.

चिंगी आमच्याकडे मोठी होऊनच आली. गावठी आणि लॅब्राडोर यांचं मिश्रण, वजन साधारण २२ किलो. त्याआधी ती रत्नागिरीच्या भाट्ये किनाऱ्यावर सुरूच्या बनाजवळ राहायची आणि क्रिकेट खेळणाऱ्या पोरांचे चेंडू पळवायची. लशीसाठी नेलं तेव्हा डॉक्टरांनी तिचा ओठ वर केला आणि विचारलं, "हिला टेनिस बॉलचा नाद आहे का हो?" सुळ्यांची टोकं बोथट होऊन सपाट झाली होती, आणि त्या सपाटीच्या मधोमध एकेक तपकिरी ठिपका होता. सुळ्यांच्या मागच्या उपदाढांचे कंगोरेही घासलेले होते.

तो ठिपका काय असतो हे त्यांनी नीट समजावलं. दात हळूहळू झिजत असेल तर दातच आतून नवं डेंटिन (इनॅमलखालचा, नसेभोवतीचा थर) तयार करतो आणि नस झाकून घेतो. ते डेंटिन गडद दिसतं, पण टणक आणि गुळगुळीत असतं, तपासायची सळई त्यावरून घसरते. झीज दाताच्या या दुरुस्तीपेक्षा वेगाने झाली तर नस उघडी पडते. मग तिथे भोक दिसतं, सळई आत जाते, आणि जंतू थेट मुळापर्यंत पोचतात. तिथवर गेलं की रूट कॅनाल करणं किंवा दात काढणं हे दोनच मार्ग, आणि दोन्हींसाठी कुत्र्याला पूर्ण भूल द्यावी लागते. चिंगीच्या दातांवरून सळई घसरली. तिथेच ठरवलं की झीज यापुढे जाऊ द्यायची नाही.

टेनिस बॉल मऊ वाटतो, हाताने दाबला की दबतो, मग त्याने दात कसे झिजतील, हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येकजण विचारतो. उत्तर त्याच्या वरच्या कापडात आहे. ते लोकर आणि नायलॉन मिसळून केलेलं असतं आणि कठीण कोर्टवर घासलं जाऊन, रॅकेटचे फटके खाऊन टिकावं म्हणूनच बनवलेलं असतं. नुसतं कापडही थोडं खरखरीत असतंच, पण खरी झीज होते ती त्यात अडकलेल्या कणांनी. चेंडू लाळेने ओला झाला, पुळणीवर पडला, की लवेत वाळू गच्च बसते. पुढच्या वेळी कुत्रा तो उचलतो तेव्हा त्याच्या तोंडात काचकागदाचा गोळा असतो. वाळूतल्या गारगोटीच्या कणांचा कठीणपणा मोहस् मापावर (खनिजांचा कठीणपणा सांगणारं १ ते १० चं माप) ७, आणि दाताच्या इनॅमलचा, म्हणजे बाहेरच्या कठीण थराचा, साधारण ५. आमच्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावर वाळूत काळे चमकणारे कण असतात, ते इल्मेनाइटचे. तेही इनॅमलइतके किंवा त्याहून थोडे कठीण. वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, फिरायला नेलं तर जांभ्याची तांबडी धूळ आहेच.

त्यात कुत्र्याच्या दाताचं इनॅमल पातळ, एक मिलिमीटरहूनही कमी. माणसाच्या दाढेवर ते दोन-अडीच मिलिमीटरपर्यंत असतं. मोठ्या कुत्र्याला ४२ दात असतात, पण चेंडूचा सगळा भार येतो तो सुळ्यांवर आणि त्यांच्या लगेच मागच्या उपदाढांवर, कारण चेंडू नेमका तिथे बसतो. एखादा कुत्रा चेंडू आणून टाकतो आणि मोकळा होतो. त्याच्या दातांना फारसं काही होत नाही. चिंगीसारखा कुत्रा चेंडू घेऊन बसतो, दाबतो, सोडतो, फिरवतो, पुन्हा दाबतो. झीज होते ती या तासन्‌तास चालणाऱ्या दाबण्यात. घरच्या फरशीवर, स्वच्छ चेंडूने कधीमधी खेळणाऱ्या कुत्र्याच्या मालकाने हे वाचून घाबरून जाऊ नये.

क्रिकेटचे चेंडू हा आपल्याकडचा वेगळा विषय आहे, आणि याबद्दल परदेशी माहितीत काही सापडत नाही. आपल्या गल्ल्यांत आणि किनाऱ्यांवर जो टेनिस बॉल फिरतो तो बहुधा टेनिससाठी नसतोच. टेनिसच्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे चेंडूचं वजन ५६ ते ५९.४ ग्रॅम आणि व्यास ६.५४ ते ६.८६ सेंटिमीटर लागतो. क्रिकेटसाठी मिळणारे हेवी टेनिस बॉल याहून बरेच जड आणि जाड रबराचे. त्यांची लव लवकर सुटते आणि कुत्रे ती उपटून गिळतात. सीझन बॉल तर कुत्र्याच्या तोंडात जाताच कामा नये. आत कॉर्क, वर कातडं, हवेतून येताना तो सुळ्यावर आदळला तर सुळा मोडू शकतो. पोरांच्या हातून सुटलेला चेंडू कुत्रा झेलतो आणि सगळे टाळ्या वाजवतात, तेव्हा मला राहवत नाही, मी जाऊन बोलतोच. पोरं ऐकतात, हेही सांगायला हवं.

आता जो चेंडू आम्ही कायम केला त्याविषयी. चकइट कंपनीचा अल्ट्रा बॉल, नारिंगी रंगाचा आणि निळ्या पट्ट्याचा. जाड नैसर्गिक रबर, आतून पोकळ, वर लव नाही. अंगठ्याने जोर लावला की दबतो आणि लगेच पूर्ववत होतो. मला हाच गुण सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. दात ज्यात किंचित रुततो तो पदार्थ दाताला मोडत नाही. याची घरगुती परीक्षा अशी: नखाने दाबून बघा, नख रुतून खूण उमटली पाहिजे. नख रुतत नसेल तर ती वस्तू कुत्र्याच्या दाढेसाठी कठीण आहे. चेंडूच नव्हे, हाडं, शिंगं, कडक नायलॉनची खेळणी, सगळ्यांना हीच परीक्षा लावावी. वरच्या बाजूची मोठी फाडणारी दाढ अशाच वस्तूंनी उभी चिरते.

वाळू या चेंडूलाही चिकटते, ओला असेल तर जास्तच. पण ती वर राहते, आत रुतत नाही. बाटलीतलं पाणी ओतून हात फिरवला की चेंडू साफ. म्हणून गोडं पाणी आता फिरायच्या पिशवीत असतंच, आणि दर थोड्या फेकींनंतर चेंडू धुऊन मगच टाकतो. टेनिस बॉल कितीही धुवा, सुकल्यावर हातावर झटका, वाळू पडतच राहते. दोघांमधला फरक मला या एका गोष्टीत सगळ्यात ठळक दिसला.

हा चेंडू पाण्यावर तरंगतो, त्यामुळे समुद्रातही चालतो. तिथे मात्र जपायला लागतं. लाटांतून चेंडू उचलताना कुत्रा दर खेपेला थोडं खारं पाणी गिळतो. थोड्याने जुलाब होतात, फार गेलं तर शरीरातलं मीठ वाढून जिवावर बेतू शकतं. आम्ही पाण्यात मोजक्याच फेकी करतो, मध्ये गोडं पाणी पाजतो, आणि भरतीला खेळ कोरड्या पुळणीवरच.

रंगाबद्दल दुकानात कुणी सांगत नाही. कुत्र्याला निळा आणि पिवळा हे रंग नीट वेगळे दिसतात, तांबडा आणि हिरवा यांत त्याचा गोंधळ होतो. आपल्याला हिरवळीत नारिंगी चेंडू लांबून दिसतो, कुत्र्याला तो मळकट पिवळ्यात मिसळून गेल्यासारखा दिसतो आणि मग तो वासाने शोधत बसतो. वाळूवर चिंगीला अडचण येत नाही, पण पावसानंतर सड्यावर गवत उगवलं की निळा चेंडूच काढतो. तो तिला पटकन सापडतो हे तिच्या धावेवरून कळतं.

मापाबाबत मी फार काटेकोर आहे, कारण इथे प्रश्न दातांचा नाही, श्वासाचा आहे. चेंडू सुळ्यांच्या मागे सरकून जिभेच्या मुळाशी जाऊ शकत असेल, तर तो लहान आहे. लाळेने ओला गोल चेंडू घशात बसला तर बोटांना पकड मिळत नाही, उलट तो आणखी आत जातो. अशा वेळी तो बाहेरून, गळ्याकडून जबड्याखाली अंगठे लावून तोंडाच्या दिशेने ढकलायचा असतो. ही पद्धत डॉक्टरांकडून प्रत्यक्ष बघून ठेवा. या चेंडूचं मध्यम माप साधारण ६.५ सेंटिमीटर, मोठं ७.३. कंपनीच्या तक्त्याप्रमाणे चिंगीला मध्यम पुरतो, पण तिचा जबडा रुंद आहे, म्हणून मी मोठा घेतला. घरात दोन कुत्री असतील तर माप मोठ्याच्या तोंडाचं धरावं. लहान कुत्र्याचा चेंडू मोठ्याच्या तोंडात गेला की घात होतो.

या काळात इतरही काही प्रकार वापरून पाहिले. दोरीचा विणलेला चेंडू दातांना मऊ, पण धागे सुटतात, आणि गिळलेला लांब धागा आतड्यात अडकून आतडं कापू शकतो, म्हणून तो लगेच बंद. स्पंजचे रंगीत चेंडू एका बसणीत तुकडे होतात. स्थानिक दुकानातला भरीव काटेरी चेंडू नखाच्या परीक्षेत नापास झाला आणि त्याला इतका उग्र वास होता की घरातच ठेववेना. भोकं असलेले चेंडू घेणार असाल तर आरपार किमान दोन भोकं बघून घ्या. एकच भोक असेल तर आत निर्वात पोकळी तयार होऊन जीभ ओढली जाते आणि सुजून अडकते. शिट्टी वाजणारे चेंडू चिंगीला आवडतात, म्हणूनच ती शिट्टी उपटून काढेपर्यंत थांबत नाही. असा चेंडू आम्ही फक्त नखं कापताना लक्ष गुंतवायला हातात धरून वापरतो.

कितीही चांगला चेंडू आणला तरी तो चघळायला दिला की फायदा अर्धा होतो. चकइटही हे खेळणं चघळण्यासाठी नाही असंच सांगते. आमचा नियम साधा आहे: चेंडू आणला की "सोड", सोडला की लगेच पुढची फेक. सुरुवातीला चिंगी चेंडू घेऊन सुरूखाली बसायची आणि हलायची नाही. दोन सारखे चेंडू ठेवल्यावर हे सुटलं. एक तिच्या तोंडात, दुसरा माझ्या हातात, हातातला हलवला की तोंडातला खाली पडतो. ओढाताण करायची गरजच राहिली नाही. शेवटची फेक झाली की दोन्ही चेंडू पिशवीत जातात, आणि चघळण्याची हौस भागवायला घरी मऊ रबराचं पोकळ खेळणं, आत थोडा दहीभात भरून.

असं पोकळ खेळणं विकणाऱ्या काँग कंपनीचा जन्मही दातांच्या काळजीतूनच झाला, हे मला फार आवडलेलं आहे. अमेरिकेत कोलोरॅडोमधल्या जो मार्कहॅम यांचा फ्रिट्झ नावाचा जर्मन शेफर्ड दगड चावून दात खराब करून घेत होता. गाडीची दुरुस्ती करताना त्यांनी त्याच्यापुढे टाकलेल्या भागांतला एक रबरी तुकडा त्याला एवढा आवडला की त्यावरून खेळणं घडलं, आणि १९७६ साली कंपनी उभी राहिली.

फेकीबद्दल एक विनंती. चेंडू फेकायचं लांब दांड्याचं साधन मिळतं, त्याने लाळेचा चेंडू हातात घ्यावा लागत नाही आणि वाकावंही लागत नाही. पण त्यातून चेंडू वेगात सुटतो. समोरून धावत येणाऱ्या कुत्र्याच्या तोंडावर मारू नका, त्याच्या पुढे, जमिनीलगत जाईल असा टाका. उंच उडवून झेलायला लावणं बघायला सुंदर असतं, पण तोंड उघडं ठेवून उडी मारताना दातांवर आणि उतरताना गुडघ्यांवर आघात होतो.

चेंडूची निगा फार नाही. खारं पाणी धुऊन टाकायचं, सावलीत वाळवायचं. नैसर्गिक रबर उन्हात ठेवलं की काही काळाने चिकट होतं आणि त्याला बारीक भेगा पडतात, म्हणून गाडीच्या काचेमागे चेंडू ठेवू नका. भेग दिसली किंवा तुकडा सुटला की चेंडू टाकून द्यायचा, कारण गिळलेला रबराचा तुकडा पोटात विरघळत नाही. किंमत साध्या टेनिस बॉलच्या कितीतरी पट आहे, आणि आमच्याकडे दुकानात मिळत नसल्यामुळे तो मागवावा लागतो. तरीही एका दाताच्या उपचारापुढे ही रक्कम क्षुल्लक आहे.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी चिंगीचा ओठ वर करून सुळ्यांचे फोटो काढतो, एकाच खिडकीपाशी, एकाच बाजूने. पावसाळ्यानंतरचे फोटो आणि आत्ताचे शेजारी ठेवले तर सपाटी वाढलेली दिसत नाही, ठिपके तेवढेच आहेत. डॉक्टरांनीही परवा सळई फिरवून हेच सांगितलं. एका बाजूनेच खाणं, घास तोंडातून सांडणं, पंजाने तोंड घासणं किंवा एखादा दात जांभळट दिसणं यांपैकी काहीही दिसलं तर फोटोंवर विसंबू नका, त्याच दिवशी दाखवा. कुत्री दाताचं दुखणं लपवतात आणि बराच काळ नेहमीसारखी जेवत राहतात.