कॅम्पातला शनिवारचा बायबल वर्ग
खानापूरहून बसने यावं लागतं, तरी बेळगावचा हा वर्ग मी चुकवत नाही. परवा सरांनी फळ्यावर मांडलं: बायबलमधल्या दानीएल या पुस्तकातले छळाचे साडेतीन काळ, प्रकटीकरण या शेवटच्या पुस्तकातले ४२ महिने आणि १२६० दिवस. काळ म्हणजे वर्ष आणि महिना ३० दिवसांचा धरला की तिन्ही एकच! घरी येऊन वहीत मी गुणाकार दोनदा करून बघितला. बायबलमध्ये सात म्हणजे पूर्णत्व. छळाचा काळ त्याच्या निम्म्यावरच, साडेतीनवर, तुटतो, हे ऐकताना डोळे भरले. आईच्या आजारपणात मीही दिवसच मोजत होते.

यहेज्केल या पुस्तकातलं 'एका दिवसाला एक वर्ष' हे माप सगळीकडे लावायचं का, म्हणजे हे १२६० दिवसही वर्षं म्हणून मोजायचे का, यावर मात्र सर फार भरभर पुढे गेले. तिथे आणखी एक तास हवा होता.

फी नाही, झेरॉक्सचे १० रुपये. शिकवणं मराठीतून, शंका कोंकणीत विचारली तरी चालते.