२४०झेड की २८०झेड: घरी सांभाळायची असेल तर

जुनी डॅटसन झेड, म्हणजे सत्तरच्या दशकातली जपानी स्पोर्ट्स कार, घ्यायची आणि तिचं काम शक्यतो स्वतःच करायचं, इथपर्यंत ठरलं की एकच प्रश्न उरतो: कार्ब्युरेटरची (पेट्रोल हवेच्या ओढीने मिसळणारी) २४०झेड, की १९७५ ते १९७८ मधली इंजेक्शनची (पेट्रोल दाबाने फवारणारी) २८०झेड? बाकी बाबतीत दोघी सख्ख्या बहिणी आहेत. इंजिन एकाच घराण्याचं, टायमिंगला बेल्ट नव्हे, चेन. व्हॉल्व्ह क्लिअरन्स, म्हणजे व्हॉल्व्हपाशी ठेवायची बारीक फट, दोन्हीकडे हातानेच लावायचा, गरम इंजिनवर इनलेट ०.२५ आणि एक्झॉस्ट ०.३० मिलिमीटर. २८०झेड जरा जड आहे, बंपरही मोठे. गंज दोघींनाही सारखाच लागतो, त्यामुळे त्याबाबतीत मॉडेल नव्हे, समोर उभी असलेली गाडी बघून ठरवा. मधल्या २६०झेडला मी इथे धरत नाही.

मी दोन्ही प्रकार घरी सांभाळले आहेत आणि शेवटी एकच ठेवला.

आधी कार्ब्युरेटरबद्दल, कारण त्याच्या बाजूने बोलणारे जास्त भेटतील आणि ते खोटं बोलत नाहीत. २४०झेडचे दोन हिताची कार्ब एसयू पद्धतीचे आहेत, म्हणजे कार्बमध्येच एक पिस्टन वर-खाली होतो आणि त्याला जोडलेली सुई पेट्रोल कमी-जास्त करते. हलणारे भाग मोजके, आणि बिघाड बहुतेक वेळा डोळ्यांना किंवा कानांना कळतो. एअर क्लीनर काढा, कार्बचा पिस्टन बोटाने पूर्ण उचलून सोडा. तो अडखळत खाली आला, तर सुई नाहीतर पिस्टन घासतोय. मिक्श्चर, म्हणजे हवा-पेट्रोलचं प्रमाण, बघायचं असेल तर इंजिन गरम असताना, आयडलिंगवर, पिस्टन जेमतेम मिलिमीटरभर उचला. आरपीएम वाढून वरच राहिले तर रिच (पेट्रोल जास्त), इंजिन बसायला लागलं तर लीन (पेट्रोल कमी), किंचित वाढून पूर्ववत झाले तर बरोबर. रबरी नळीचं एक टोक कानाशी आणि दुसरं आळीपाळीने दोन्ही कार्बच्या तोंडाशी धरून आवाज जुळवला, तरी बॅलन्स बऱ्यापैकी साधतो. हे काम जमलं त्या दिवशी जो आनंद मिळतो, तो इंजेक्शनच्या गाडीने मला कधी दिला नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. थ्रॉटल स्पिंडल, म्हणजे कार्बमधली हवेची झडप फिरवणारा दांडा, झिजला असेल तर मात्र ट्यूनिंग टिकत नाही. हवा बाजूनेच आत जाते आणि आज लावलेलं उद्या हलतं.

तरीही माझा निर्णय ट्यूनिंगवर झाला नाही. झाला तो उभ्या गाडीवर. घरी ठेवलेली जुनी स्पोर्ट्स कार चालते त्याच्या कितीतरी पट उभी राहते. कामं असतात, पाऊस असतो, कधी नुसतंच राहून जातं. कार्बच्या फ्लोट बाउलला, म्हणजे पेट्रोल साठणाऱ्या वाटीला, हवेचा मार्ग असतो, त्यामुळे आतलं पेट्रोल हळूहळू उडून जातं. गॅरेज घराला लागून असेल तर तो वास घरात येतो, आणि घरातली माणसं त्याबद्दल बोलतात ते योग्यच बोलतात. बंद जागेत पेट्रोलची वाफ ही हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हे. उडताना मागे चिकट थर राहतो, तो बाउलमध्ये येणारं पेट्रोल अडवणाऱ्या नीडल व्हॉल्व्हवर बसतो. मग कधी बाउल ओव्हरफ्लो होतो, कधी एका कार्बला पेट्रोलच पोचत नाही. मेकॅनिकल पंप रिकामे बाउल भरेपर्यंत सेल्फ मारत राहायचं, तेवढ्यात बॅटरी दमते. गाडी सुरू झाली तरी पहिला वेळ मिसिंग ऐकण्यात जातो. काढलेला दुपारचा वेळ गाडी चालवण्याऐवजी तिला जागी करण्यात गेला, की मला फार वाईट वाटायचं. रोज किंवा एक दिवसाआड गाडी काढणाऱ्याला हा त्रास कदाचित जाणवणारही नाही.

२८०झेडवर बॉशची एल-जेट्रॉनिक ही इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन प्रणाली आहे. पेट्रोल बंद पाइपात राहतं, सेल्फ मारताच इलेक्ट्रिक पंप दाब देतो, आणि गाडी सुरू होते. इतकं साधं सुख. लोक वायरिंगला घाबरतात, पण ही प्रणाली म्हणजे बहुतांशी मल्टीमीटरने मोजता येणारे रेझिस्टन्स. पाण्याच्या तापमानाचा सेन्सर २० अंशांना साधारण अडीच हजार ओहम दाखवतो, ८० अंशांना तीनशेच्या आसपास. आता समजा गाडी गरम होऊनही काळा धूर टाकतेय. सेन्सरवर मोजलं तर आकडा बरोबर आहे. मग इग्निशन बंद करून कंट्रोल युनिटचा, म्हणजे किती पेट्रोल फवारायचं ते ठरवणाऱ्या डब्याचा, ३५ पिनांचा प्लग काढा आणि तीच वायर तिथे मोजा. तिथे आकडा खूप जास्त आला, तर मधला एखादा कनेक्टर हिरवा पडलाय आणि युनिटला इंजिन अजून थंडच वाटतंय. पिना घासून, स्प्रे मारून पुन्हा मोजा. माझ्या अनुभवात अशा गाड्यांची निम्म्याहून जास्त दुखणी कनेक्टरांचीच निघतात.

इंजेक्शनलाही उभं राहणं मानवत नाही, हे खरं. टाकीतला गंज फिल्टरमध्ये येतो, इंजेक्टर चिकटतात. भर उन्हात थांबून पुन्हा सुरू करताना कुरकुर होऊ शकते; शेवटच्या वर्षांच्या गाड्यांना इंजेक्टर थंड करायला छोटा पंखा दिलाय तो त्यासाठीच. आणि आत येणारी हवा मोजणारा एअर फ्लो मीटर किंवा कंट्रोल युनिटच गेलं तर घरी फार काही करता येत नाही. ही भीती ज्यांना सतावते त्यांनी २४०झेड घ्यावी, मी अडवणार नाही. पण महिन्यातून दोन-तीनदाच गाडी काढणार असाल, तर मी २८०झेडच सुचवेन.

बघायला जाल तेव्हा २४०झेडचा थ्रॉटल स्पिंडल बोटांत धरून वर-खाली हलवून बघा. जाणवण्याइतका हलला तर कार्बच्या कामाचा खर्च धरूनच बोला. २८०झेडचं इंजिन आयडलिंगवर असताना ऑइल फिलरची टोपी उघडा. इंजिन डगमगायला हवं. काहीच फरक पडला नाही, तर आधीपासूनच कुठून तरी न मोजलेली हवा आत जातेय. बहुधा एखादी तडकलेली रबरी नळी असते, आणि ती तर घरीच बदलता येते.