रेडिएशन चालू असताना ‘ऑक्सिजन चेंबर’ विकणाऱ्यांपासून सावध राहा

माझ्या दादाला स्वरयंत्राचा कर्करोग झाला. रेडिएशन कोल्हापूरला चालू होते आणि शनिवार-रविवारी तो रत्नागिरीला घरी येत असे. त्याच काळात इथल्या एका ‘ऑक्सिजन थेरपी’ केंद्राच्या चालकाने आम्हांला गाठले. ‘ऑक्सिजन चेंबर’मध्ये, म्हणजे दाबाखाली ऑक्सिजन देणाऱ्या बंद कक्षात, बसले की रेडिएशनचा परिणाम वाढतो, असे तो सांगत होता. त्याच्या बोलण्यातले निम्मे खरे होते, म्हणूनच हे सविस्तर लिहीत आहे.

गाठीच्या ज्या भागात रक्तपुरवठा तोकडा असतो, तिथल्या पेशी ऑक्सिजनअभावी किरणांना दाद देत नाहीत. त्या मारायला अडीच ते तीन पट मात्रा लागते. लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात १९५० च्या दशकात चर्चिल-डेव्हिडसन या डॉक्टरांनी रुग्णांना उच्च दाबाच्या ऑक्सिजनमध्ये ठेवूनच किरण दिले होते, हेही खरे. पुढे डोके-मानेच्या कर्करोगाच्या चाचण्यांत काही फायदा दिसला, परंतु झटके येणे आणि निरोगी भागाला जास्त इजा होणे हे धोकेही दिसले, आणि ही पद्धत नेहमीच्या उपचारांत रुळली नाही. चालकाने हा उत्तरार्ध गाळला.

किरण पडतात त्या वेळीच गाठीत ऑक्सिजन असावा लागतो. चेंबरबाहेर आल्यावर वाढलेली पातळी थोड्याच वेळात ओसरते. मग रत्नागिरीत शनिवारी घेतलेला ऑक्सिजन आंबा घाट ओलांडून सोमवारी कोल्हापूरला कसा उपयोगी पडणार? शिवाय खऱ्या उपचारात वातावरणाच्या दोन ते तीन पट दाब, शुद्ध ऑक्सिजन, भक्कम बंदिस्त कक्ष आणि प्रशिक्षित डॉक्टर असतात. इथे होती हवा भरून फुगवायची कापडी पिशवी. असल्या पिशव्यांत दाब जेमतेम १.३ पटीपर्यंत जातो. डॉक्टर कोणीच नव्हते, आणि सिस्प्लाटिन (कर्करोगावरचे एक औषध) चालू आहे का, कान किंवा फुप्फुसे कशी आहेत, हेही कोणी विचारले नाही.

होडीच्या नव्या इंजिनासाठी साठवलेले पैसे त्यात गेले, पण मला त्याहून संताप आहे तो दुसऱ्याच गोष्टीचा. ‘आधी शरीरात ऑक्सिजन मुरू द्या’ असे सांगून त्याने दादाला रेडिएशनचे दिवस चुकवायला लावले. घशाच्या कर्करोगात अशा खंडात उरलेल्या पेशी झपाट्याने वाढतात. कोल्हापूरच्या डॉक्टरांना हे कळताच त्यांनी चुकलेल्या मात्रा भरून काढण्यासाठी वेळापत्रक बदलले.

कर्करोग बरा करण्याचा दावा करणारी जाहिरात १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या कायद्याने निषिद्ध आहे. आमच्या पावतीवर मात्र फक्त ‘वेलनेस सेवा’ असे लिहिले होते. तेव्हा कोणी असा उपचार सुचवला, तर पैसे देण्यापूर्वी कोणत्या आजारासाठी, किती दाबाने आणि कोणत्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली तो देणार हे लेखी मागा, आणि तो कागद रेडिएशनच्या डॉक्टरांना दाखवा.