वृद्धनिवासातील हेळसांड आणि वकिली मदत : नागपुरातील एका कार्यालयाचा अनुभव

या कार्यालयाचे नाव मी देणार नाही. बार कौन्सिलच्या नियम 36 प्रमाणे वकिलाला प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष जाहिरात करता येत नाही, आणि आमचे प्रकरणही अजून चालू आहे. मात्र वृद्धनिवासाविरुद्ध दाद मागण्याची वेळ आली तर चांगल्या वकिलाकडून नेमके काय मिळते, हे लिहिण्यासारखे वाटले.

आमची आत्या 81 वर्षांची, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका आहे. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर तिला महिना 24,000 रुपये घेणाऱ्या एका खासगी निवासात ठेवले होते आणि पैसे तिच्याच पेन्शनमधून जात होते. एप्रिलच्या उन्हात अंगातले पाणी आणि सोडियम कमी झाल्याने तिला दोन रात्री धंतोलीतील रुग्णालयात ठेवावे लागले. सुट्टी देताना डॉक्टरांनी टाच लाल झाल्याचे दाखवून ‘दर दोन तासांनी कूस बदलणे’ असे डिस्चार्ज कार्डावर लिहून दिले. त्यानंतरही आम्ही तिला परत तिथेच नेले, ही चूक आमची. आठ दिवसांनी भेटायला गेलो तेव्हा माकडहाडापाशी उघडी जखम होती आणि खोलीला बाहेरून कडी होती.

माझ्या डोक्यात तेव्हा एकच गोष्ट होती : त्याच दिवशी कडक नोटीस पाठवायची. सिव्हिल लाइन्समधील या वकीलबाईंनी ती पाठवू दिली नाही. नोटीस गेली की रजिस्टर नव्याने लिहिले जाते, म्हणून आधी कागद हातात घ्या, मग भांडा, असे त्यांनी सांगितले. पावत्या, प्रवेशाच्या वेळी सही केलेला करार, औषधांचा तक्ता, जखमेचे तारखेसह फोटो आणि शासकीय रुग्णालयातील तपासणीचा कागद, एवढी यादी त्यांनी आमच्यासमोर लिहिली. त्याप्रमाणे आत्याला आम्ही दुसऱ्याच दिवशी मेडिकलला, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, दाखवले. फोटो ज्या मोबाइलवर काढले तो फोन विकू नका, नुसत्या व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या प्रतींवर विसंबू नका, असेही त्यांनी बजावले. कारण भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे अशा पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते आणि त्याचा एक भाग तज्ज्ञाने भरायचा असतो.

आत्याला घरी आणताना मी पलंगाच्या पायथ्याशी टांगलेल्या तक्त्याचा फोटो घेतला होता, पण तो नीट वाचला मात्र नव्हता. वकीलबाईंनी तो संगणकावर मोठा करून डिस्चार्ज कार्ड शेजारी ठेवले आणि पेन्सिलीचे टोक दोन ओळींवर टेकवले. आत्या रुग्णालयात होती त्या दोन्ही रात्री ‘कूस बदलली’ अशी दर दोन तासांची नोंद तिथे होती, सगळी एकाच निळ्या शाईत आणि एकाच हस्ताक्षरात. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त प्रिंट काढायला सांगितली.

कुठल्या दाराशी जायचे नाही, हे सांगण्यातही या कार्यालयाचे मोल आहे. बहुतेकांच्या तोंडी 2007 चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा असतो, तसा माझ्याही होता. उपविभागीय अधिकाऱ्यापुढील न्यायाधिकरण मुलांकडून किंवा वारसांकडून निर्वाह मिळवून देते; खासगी निवासाकडून भरपाई मिळवून देण्याचे ते ठिकाण नव्हे. “आजींना मूलबाळ नाही, वारस तुम्हीच. तिथे गेलात तर सामनेवाले तुम्हीच व्हाल,” असे त्यांनी मला हसून ऐकवले. निवासांची नोंदणी आणि किमान दर्जा कायद्यात आणणारे दुरुस्ती विधेयक 2019 मध्ये लोकसभेत मांडले गेले, पण ते मंजूर झाले नाही. राहिले पोलीस : असहाय व्यक्तीची देखभाल करण्याचा करार मोडणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 357 खाली गुन्हा आहे, परंतु तो अदखलपात्र, म्हणजे पोलिसांना वॉरंटशिवाय अटक करता येत नाही असा, असून शिक्षा तीन महिने कैद किंवा 5,000 रुपये दंड किंवा दोन्ही, एवढीच. त्यामुळे ठाण्यात एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद, होईल, अटकेची अपेक्षा ठेवू नका, हे त्यांनी आधीच सांगितले आणि तसेच झाले. खरी लढाई ग्राहक आयोगात, सेवेतील त्रुटी म्हणून. तिथे दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते आणि दिलेला मोबदला 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. कायद्यात तीन महिन्यांत निकालाची अपेक्षा असली तरी वर्ष-दीड वर्ष धरून चला, हेही पहिल्याच भेटीत कळले.

फीच्या बाबतीत व्यवहार स्वच्छ होता. स्वतःचा आकडा सांगण्याआधी त्यांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा पर्याय सांगितला. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो आणि 15100 या क्रमांकावर चौकशी करता येते. आम्ही त्यांच्याकडेच राहिलो. सल्ल्याचे 1,000 आणि तक्रारीचे 18,000, दोन हप्त्यांत. झेरॉक्सचे पैसे वेगळे लागतील हे मात्र नंतर कळले.

उणिवाही आहेत. ज्युनिअरने केलेल्या पहिल्या मसुद्यात आत्याचे वय 18 पडले होते, ते आत्यानेच चष्मा लावून पकडले आणि लाल पेन मागितला. फोन दिवसा लागत नाही. उत्तर रात्री आठनंतर येते. आणि वृद्धांची कामे घेणारे हे कार्यालय दुसऱ्या मजल्यावर आहे, तेही लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारतीत! वकालतनाम्यावर सही घ्यायला वकीलबाई स्वतः खाली उतरल्या आणि गाडीच्या मागच्या सीटवर आत्याशेजारी बसल्या. “आजी, तुम्हाला काय हवे आहे?” असे त्यांनी विचारले. इतक्या दिवसांत हा प्रश्न तिला आमच्यापैकी कोणी विचारला नव्हता. आत्या म्हणाली, “माझी पेटी तिथेच राहिली आहे, ती आधी आणा.” म्हणून कागद जमल्यावर निवासाला गेलेले पहिले पत्र भरपाईचे नव्हते, पेटी आणि 50,000 रुपयांची अनामत परत मागणारे चार ओळींचे होते. पेटी पाचव्या दिवशी आली. अनामत अजून आलेली नाही.

निवासाने आयोगात लेखी जबाब दाखल केला आहे आणि उत्तम देखभालीचा पुरावा म्हणून त्याला तोच तक्ता जोडला आहे, त्या दोन रात्रींसह.

कुणाला अशा कार्यालयात जायचे असेल तर डिस्चार्ज कार्ड आणि पावत्या घेऊन संध्याकाळी जावे. सोबत वृद्ध माणूस असेल तर त्याला जिना चढवू नये, खालून फोन करावा.