मॅलेट कंट्रोलर: सूर पायाने थांबवायचा की आधीच मोजून ठेवायचा?

मॅलेट कंट्रोलर म्हणजे मॅलेटने (गोल डोक्याच्या काठीने) वाजवायच्या पट्ट्यांचं इलेक्ट्रॉनिक वाद्य. तो लॅपटॉपला जोडला, व्हायब्राफोनचा (धातूच्या पट्ट्यांच्या, घुमणाऱ्या वाद्याचा) आवाज निघाला, की पहिले दोन दिवस मजेत जातात. मग प्रश्न येतो सूर सोडायचा कसा. कीबोर्डवर बोट उचललं की सूर संपतो. इथे मॅलेट पट्टीला लागून केव्हाच उडालेला असतो, त्यामुळे थांबायचं कधी हे यंत्राला वेगळं सांगावं लागतं. पायाने सस्टेन पेडल (दाबलं की सूर वाहत राहतो, सोडलं की थांबतो) वापरून सांगा, नाहीतर गेट टाइम लावा, म्हणजे प्रत्येक ठोक्याची लांबी आधीच ठरलेली. मी दोन्हींवर एकेक वर्ष काढलं.

ज्याचा हात खऱ्या व्हायब्राफोनवर बसलाय, त्याला पेडलशिवाय चुकल्यासारखंच वाटेल. कॉर्ड बदलताना पाय अलगद उचलून जुना कॉर्ड पुसायचा, हे गेटला जमत नाही. चार मॅलेट धरून संथ वाजवणाऱ्याला मी दुसरं काही सुचवणार नाही.

पण मी वाजवतो ऑर्केस्ट्रात, आणि तिथे माझं पेडलशी बिनसलं. व्हायब्राफोनचं पेडल रुंद असतं, वाद्याच्या मधोमध चौकटीलाच बसवलेलं. आपल्याकडे येतं ते कीबोर्डचं सुटं पेडल. नागपूरच्या महाल भागातल्या एका गणपतीच्या कार्यक्रमात स्टेजवर सतरंजी होती. 37 पट्ट्यांवर खालून वर जाताना अंग सरकतं, भार एका पायावर, दुसरा पेडल शोधतोय. तिसऱ्या गाण्यापर्यंत पेडल स्टँडच्या मागे गेलेलं. मध्यंतरात वायर सारखी केली, यंत्र बंद करून चालू केलं, आणि घाईत पाय पेडलवरच राहिला. बरीच यंत्रं चालू होताना पेडल जसं असेल त्याला 'सुटलेलं' समजतात. झालं, सगळं उलटं! पाय वर तर सूर वाहतोय, दाबला तर कोरडा. लॅपटॉपवर पाहिलं तर पाय हवेत असताना 64 नंबरच्या कंट्रोलवर, म्हणजे सस्टेनच्या, 127 दिसतंय, म्हणजे पूर्ण दाबलेलं. शेजारचा कीबोर्डवाला म्हणे, "काय करून राहिला बे?"

रबरी मॅट झाली, टेप झाली. पेडल सरकतच राहिलं.

गेटवर आल्यापासून पायाकडे लक्षच जात नाही. झायलोफोनला (लाकडी पट्ट्यांचा, तुटक आवाज) मी साधारण 150 मिलिसेकंद ठेवतो, व्हायब्राफोनला 800 च्या आसपास. हे माझ्या कानाचे आकडे, तुमचे वेगळे निघतील. एक खोट आहे: लांब गेट ठेवून रोल केला (एकाच पट्टीवर भराभर ठोके), तर काही पॅचमध्ये (आवाजांमध्ये) आधीच्या ठोक्याचा शेवट नंतरच्या सुराला कापतो. म्हणून रोलच्या गाण्यांसाठी आखूड गेटचा वेगळा प्रीसेट (साठवलेली सेटिंग) ठेवा. लयीप्रमाणे गेट आपोआप बदलत नाही, हेही खरं. पण इंट्रोच्या चार ओळी आणि मधले पीस वाजवायचे असतील तर मला तरी त्याची अडचण झाली नाही.

दोन्हींत व्हेलॉसिटी कर्व्ह, म्हणजे किती जोराच्या ठोक्याला किती मोठा आवाज याचं गणित, नीट हवाच. ऑक्टोपॅडवरून आलेल्यांचा हात जड असतो. ठोके सगळे 127 पैकी 120 च्या वर जातात आणि मग कर्व्हला दोष. आधी ड्रमच्या काठ्या बाजूला ठेवून मऊ मॅलेट घ्या. आणि कूलर चालू असताना कर्व्ह लावू नका. मी मे महिन्यात लावला. खिडकीतला कूलर घोंघावतोय, हळू ठोके ऐकूच येईनात, म्हणून हळूचा भाग वर उचलत गेलो. दिवाळीनंतर शांत हॉलमध्ये वाजवलं तर नुसता हात टेकला तरी घणघण.

स्टेजवर उभं राहून, दर गाण्याला आवाज बदलत वाजवणार असाल तर गेटपासून सुरुवात करा, असं मी म्हणेन. पेडल मी विकलेलं नाही. रविवारी दुपारी घरी, फरशीवर, ते अजून निघतं. चालू करताना पाय लांब ठेवून.